एका दुपारचं काम

खुशाल वाईट माणूस होता, असं राजुऱ्यात कुणी म्हणणार नाही. खाणीतली पहिली पाळी इमानानं करायचा, कुणाकडे मयत झाली की सगळ्यांच्या आधी पोचायचा, आणि गुणवंतरावांच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. आता भीमगीतांच्या पार्टीत गिटार म्हणजे नवलच की! बाकी सगळ्या पार्ट्यांत बेंजो. पण खुशालनं हौसेनं नागपूरहून गिटार आणली होती, आणि कडवं संपलं की तो तिच्यावर एक लहानसा तुकडा वाजवायचा. तुकड्याच्या शेवटी बोटानं तार वर खेचायचा. सूर चढत चढत वरच्या सुराला जाऊन भिडायचा आणि तिथंच, अगदी टोकावर, हलके हलके झुलत राहायचा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. गाता गाता खुद्द गुणवंतराव त्या जागेसाठी थांबायचे.

हे झुलवणं खुशाल काही आईच्या पोटातून शिकून आला नव्हता. एकदा नागभीडला दुपारची नॅरोगेजची छोटी गाडी चार तास उशिरा होती. फलाटावर कुठल्याशा ऑर्केस्ट्राचा गिटारवाला बसला होता. खुशालनं भीत भीत विचारलं, तर त्या भल्या माणसानं गिटारची पेटी उघडून सगळं सांगितलं. एका बोटानं खेचू नको, मागं आणखी दोन बोटांचा टेका दे. अंगठा वरून दांडीला अडकव. आधी सुरावर पोच, पोचल्याशिवाय हलवू नको. आणि हलवायचं ते बोट नाही, मनगट. कुलपात किल्ली फिरवतो तसं. सूर जरा उतरतो, परत तिथंच येतो. गाडी यायच्या आत खुशालला ते जमलं. गडबडीत त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मग एक्क्याऐंशी साली इसरू पार्टीत आला. खाणीतच लोडर होता, लग्न झालेला, घरी दोन वर्षांची पोरगी. कान मात्र असला तिखट, की पेटीची एक पट्टी उतरली तरी बसल्या जागी तोंड वाकडं करायचा. त्यानं एक जुनी गिटार घेतली आणि खुशालनं त्याला हातचं न राखता शिकवलं, अगदी पाळी संपवून थकल्या अंगानं शिकवलं. वर्षभरात इसरू चांगला वाजवायला लागला आणि गुणवंतराव सगळ्यांसमोर बोलून गेले, की याची तार एकदा झुलायला लागली म्हणजे पुढच्या जयंतीला यालाच पुढं बसवू.

झालं. ती पुढची जागा गेली तर आपल्याला कोण विचारतं, हेच खुशालच्या डोक्यात फिरायला लागलं.

दुसऱ्याच दिवशी विहाराच्या ओट्यावर इसरूनं विचारलं, "भाऊ, वर गेल्यावर सूर झुलवता कसा तुमी? माह्या तर घसरून जाते."

खुशाल तार पिळायच्या खुंटीकडे बघत म्हणाला, "ते शिकवता येत नाई, इसरू. ज्याच्या हातात असते त्याच्याच हातात असते. असंन तर आपोआप येईन."

त्या दिवसापासून तो वाजवताना जरा तिरपा बसायला लागला. डाव्या हातावर दुपट्टा असायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, घाम येते.

इसरू बिचारा एकट्या बोटानं तार खेचायचा आणि सुरावर पोचायच्या आधीच बोट थरथरवायचा. सूर शेळीसारखा बेंबटायचा. खाणीतले लोक त्याला बघून में में करायचे. तारा तुटल्या, बोटाचं साल निघालं, सहा महिने गेले. मग एक दिवस त्यानं गिटार भिंतीला टेकवली ती परत उचललीच नाही. पुढं वनखात्यात वनरक्षकाची नोकरी लागून तो एटापल्लीला निघाला. खुशालनं त्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढवून दिली. गाडीत बसता बसता इसरू म्हणाला, "खरं बोलले तुमी भाऊ. हातातच असा लागते." गाडी सुटायला चांगला वेळ होता. सांगायचं असतं तर तेव्हाही सांगता आलं असतं. खुशालनं नुसता हात हलवला.

आणि एवढं करून मिळालं काय? दोन-तीन वर्षांत गुणवंतरावांनी बटणांचा इलेक्ट्रिक ऑर्गन घेतला आणि खुशाल गिटारीसकट मागच्या रांगेत गेला.

अठ्ठ्याऐंशी साली पार्टीला एटापल्लीचं बोलावणं आलं. इसरूला कळलं तसा तो सायकल दामटतच आला आणि खुशालला गिटारीसकट दुपारच्या जेवणाला घरी घेऊन गेला. सूरजागडच्या रस्त्याला त्याचं क्वार्टर होतं. त्याची बायको सुगंधाबाई कौतुकानं म्हणाली, "तुमच्या हाताचं नाव रोज निघते इथी. पोरगी गिटार शिकतो म्हणते, तर हे म्हणतात, आपल्या घरच्या हातात नाई ते." नऊ वर्षांची पोरगी दाराआडून गिटारीकडे टक लावून बघत होती.

खुशालला जेवण नको वाटायला लागलं. सुगंधाबाई आत गेली तशी त्यानं खोळ सोडली, गिटार इसरूच्या मांडीवर ठेवली. मागं दोन बोटं टेकव म्हणाला. अंगठा वरून घे. आधी पोच. आता किल्ली फिरवल्यासारखं मनगट फिरव.

इसरूची बोटं आता मऊ पडली होती. तार रुतली तसं त्यानं तोंड कसनुसं केलं. पण सूर वर गेला, भिडला, आणि झुलला. पहिल्या खेपेला झुलला. त्यानं परत वाजवून बघितलं. परत तेच. खुशालपेक्षा गोड.

बराच वेळ तो आपल्या मनगटाकडेच बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुमाले किती दिवस लागले होते, भाऊ?"

खोटं बोलायला खुशालची जीभ या वेळी वळली नाही. "एक दुपार," तो म्हणाला.

इसरू रागावला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर खुशालला बरं वाटलं असतं. पण त्यानं पोरीला हाक मारून जवळ बसवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, आपल्या घरच्या हातात नाई असं मी तुले सांगतलं होतं ना? ते खोटं होतं. माह्यी चूक झाली."

चूक कुणाची, ते सांगायला खुशालनं तोंड उघडलं. मग तो गिटार उचलून खोळीत घालायला लागला. पोरगी बापाकडे रुसून बघत होती.

सुगंधाबाईनं आतून ताटं वाढल्याचं सांगितलं. इसरू उठला, तांब्या घेऊन आला आणि पूर्वीसारखाच वाकून म्हणाला, "भाऊ, हात धुवा."

खुशालनं हात पुढं केले.