खाणीवरचं गाऱ्हाणं

तोंड उघडायचं नाही, हे सानिकाने आजीकडून तीनदा कबूल करून घेतलं होतं. एकदा चुलीपुढे, एकदा देवापुढे आणि शेवटचं गाडीच्या पायरीवर.

"पाहुण्यांशी एक शब्दसुद्धा नाही. मी चुकीचं बोलले तरी नाही. शप्पथ?"

"शप्पथ गो बाय. मुकी होते. मग तर झालं?" सगुणाबाई म्हणाल्या.

सानिका ही त्यांची नात. घरात दोघीच. हर्ण्याच्या वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, बॉक्साइटची जुनी खाण होती. तीस वर्षं ती बंद पडली होती. आता मुंबईच्या एका सहल कंपनीने तिथे दर शनिवारी 'एक दिवस खाणीच्या कुशीत' सुरू केलं होतं. सानिकाची आज परीक्षा होती. पास झाली तर कायमची गाईड, नापास झाली तर पहिल्या तारखेला मामाकडे ठाण्याला, मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालायला. म्हणजे सगुणाबाईंनी संध्याकाळचा दिवा लावून भिंतीशी गप्पा मारायच्या. म्हणून तर त्यांनी शपथ घेतली.

त्यांना गाडीत घ्यायची कल्पना मॅनेजर दीपकची. "खाणीवर काम केलेली आजी गाडीत असली की वातावरण येतं," तो म्हणाला होता. "बोलायची गरज नाही. नुसतं बसायचं."

बसल्या. दापोलीहून तीस पाहुणे चढले, बहुतेक पुण्या-मुंबईचे. प्रत्येकाला एक पिवळं हेल्मेट मिळालं. सगुणाबाईंनी खाणीवर नऊ वर्षं काढली. त्या नऊ वर्षांत हेल्मेट होतं एकच, साहेबाचं. तेही पावसात बाहेर ठेवून तो त्यात कुत्र्याला पाणी पाजायचा. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि ओठ मिटून घेतले.

सड्यावर पहिला थांबा 'ब्रिटिशकालीन बंगला'.

"इथे गोरे साहेब संध्याकाळी चहा घेत," सानिका माइकवर म्हणाली. तिच्या हातात कंपनीने पाठवलेला कागद होता, पुण्याच्या कुणा तज्ज्ञाने लिहिलेला.

ती होती भांडारखोली. एक्काहत्तर साली बांधली, तेव्हा चिरे सगुणाबाईंनी स्वतः डोक्यावरून आणले होते. गोरा म्हणावा तर भांडारप्रमुखच तेवढा गोरा होता, तोही अंगावर कोड असल्यामुळे. सानिकाने चोरून आजीकडे पाहिलं. आजी आभाळात घारी मोजत होती.

दुसरा थांबा 'घमेलं अनुभव'. थर्माकोलचे दगड, लाल रंग दिलेले. बायकांनी घमेली डोक्यावर घेऊन फोटो काढले. पुण्याच्या वेदिकाताई नावाच्या एक गोल चेहऱ्याच्या बाई सगुणाबाईंजवळ येऊन म्हणाल्या, "आजी, किती छान व्यायाम होत असेल ना तुम्हाला! म्हणून तुमची पाठ अशी ताठ."

सगुणाबाई हसल्या. हसायला बंदी नव्हती.

मग खाणीचा कडा. खाली हिरवंनिळं पाणी साचलं होतं, त्याला कागदात 'पाचूचं तळं' नाव होतं. सानिका कठड्याशी उभी राहिली आणि सरळ वाचत गेली, "तेवीस वर्षांच्या कामकाजात या खाणीत एकही जीव गेला नाही. सुरक्षिततेचा हा आदर्श आजही अभिमानाने सांगितला जातो."

सगुणाबाईंच्या हातातलं हेल्मेट खाली पडून घरंगळत गेलं. त्या ते उचलायला वाकल्या. सानिकाचा आवाज पुढच्या ओळीवर अडखळला, कारण याच खाणीत गेलेल्या गोदूबाईची गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती. दीपकने हातातल्या फळीवर काहीतरी टिपलं.

आता कड्यावरच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायचं, मग जेवण, असा क्रम होता. गाऱ्हाणं घालायला कंपनीने धोंडू गुरवाला ठरवलं होतं. त्याचा फोन आला. मुंबईला चुलता वारला, सुतक पडलं, दहा दिवस देवाला शिवायचं नाही.

"अहो, शिवू नका ना," दीपक फोनवर म्हणत होता. "लांबूनच बोला. नुसती ॲक्टिंग करा."

पलीकडून धोंडूने जे उत्तर दिलं ते ऐकून त्याने फोन कानापासून लांब धरला. मग सानिकाकडे वळला. "कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. लोक व्हिडिओ काढायला थांबलेत. कोण म्हणेल?"

सानिकाची नजर नको म्हणत म्हणत आजीकडे गेली.

"आजींना येतं?" दीपक म्हणाला. "पण लेडीज चालतात का?"

"दगड फोडायला चालल्या," सगुणाबाई म्हणाल्या. सकाळपासूनचं हे पहिलं वाक्य. मॅनेजर पाहुणा नव्हे, असा त्यांनी हिशेब केला होता.

दीपकने पाहुण्यांना समजावलं. आजी एक एक वाक्य म्हणतील, तुम्ही दर वेळी जोरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा सराव झाला. आवाज कमी पडला म्हणून पुन्हा झाला.

सगुणाबाईंनी पदर खोचला, राखणदाराच्या शेंदरी दगडापुढे नारळ ठेवला आणि हात जोडले.

"हे बा बारा वाटेच्या, बारा वाऱ्याच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही लेकरं लांबून, थंड हवेच्या गाडीतनं तुझ्या दारी आलीत."

"व्हय म्हाराजा!" तीस हेल्मेटं आनंदाने हलली.

"त्यांना सुखरूप घरी पोचव. वाटेत कुणाला उलटी होऊ देऊ नको."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या खड्ड्यात कुणी मेलं नाही, असं त्यांना सांगितलंय. कागदात तसं लिहिलंय."

"व्हय म्हाराजा!"

सानिकाने डोळे मिटून घेतले.

"पण तू तर इथेच होतास. शिमगा होऊन तिसरा दिवस. मुकादमाने कड्याच्या पोटातनं दगड काढायला लावला. वरचा कातळ सुटला आणि गोदू त्याच्याखाली गेली."

"व्हय म्हाराजा..." काही आवाज गळाले. बाकीचे होते, कारण जोरात म्हणायला सांगितलं होतं.

"दिवस मावळताना काढली तिला. हजेरीत नाव खोडून झालं होतं. मुकादमाने आम्हां अकरा जणींना रांगेत उभं केलं आणि विचारलं, गोदूबाई आज कामावर आली होती काय?"

इथे सगुणाबाई थांबल्या. पुढचं वाक्य येईना. पाहुण्यांना वाटलं, आपली पाळी आली.

"व्हय म्हाराजा!" तीस जण ओरडले.

कड्यावरून आवाज फिरून परत आला. सगुणाबाई वळून त्या पिवळ्या डोक्यांकडे बघत राहिल्या. पन्नास वर्षांपूर्वी एकीला जरी असं ओरडता आलं असतं.

"आम्ही नाही म्हणालो, म्हाराजा," त्या हळू म्हणाल्या. "आम्हाला दुसऱ्या दिवशी काम हवं होतं."

या वेळी कुणीच काही म्हणालं नाही. नारळ फोडायचंही कुणाला सुचेना, तो त्यांनीच फोडला.

सानिका त्यांना दंडाला धरून बाजूला घेऊन गेली. "आजी, शप्पथ घातली होती!"

"पाहुण्यांशी बोलले काय? देवाशी बोलले."

"माझी नोकरी गेली आता. कळतंय तुला?"

"कळतंय," सगुणाबाई म्हणाल्या, आणि खरंच कळत होतं. "तेव्हाही नोकरीपायीच गप्प बसले होते गो."

तेवढ्यात दीपक धावत आला. चेहऱ्यावर सूर्य उगवलेला. "आजी, कडक! लोकांच्या अंगावर काटा आला! कुणी लिहून दिलं?"

उत्तराची वाट न बघता त्याने फळीवरचं पान उलटलं.

"दर शनिवारी करायचं. फक्त 'कातळाखाली गेली' नको, फॅमिली ग्रुप असतात. 'मातीत विलीन झाली' म्हणा. आणि गोदूबाई जरा जुनाट वाटतं. गौरी?"

"गौरी कोण मेली नाही इथे," सगुणाबाई म्हणाल्या. "धोंडूचं सुतक फिटेपर्यंत थांबा तुम्ही."

"सर," सानिका म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा होता. "ते एकही जीव गेला नाही वालं वाक्य मी नाही म्हणणार यापुढे. आणि नाव गोदूबाईच राहील."

दीपकचा सूर्य मावळला. "अगं, मजकूर ऑफिस ठरवतं. मग तुझ्या नेमणुकीच्या पत्राचं मला..."

"एक्स्क्यूज मी." मागे वेदिकाताई उभ्या होत्या. हेल्मेट काढून हातात धरलेलं. "ती जागा नेमकी कुठली? आम्हाला बघायचीय."

त्यांच्यामागे सगळी रांग. कुणी फोटोसाठी आलं असेल, कुणी खरंच. दीपकने जेवण थंड होतंय असं सांगून पाहिलं, पण कुणी हललं नाही. सानिका पुढे झाली. कागद न बघता तिने हात करून दाखवलं, तो करवंदीच्या जाळीखालचा कातळ, तिथे. माणसं तिकडे सरकली आणि दीपक फळीवर पेन आपटत उभा राहिला. गिऱ्हाईक जिकडे तिकडे कंपनी, एवढं त्याला शिकवावं लागत नव्हतं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "ते वाक्य काढतो. नाव राहू दे. पत्र सोमवारी मिळेल तिला. पण दर शनिवारी हा थांबा दोन मिनिटांत आटपायचा, पुढे लगेच कोकम सरबताचा स्टॉल आहे."

खाणीवरचं काम सुटल्यावर सगुणाबाईंनी चाळीस वर्षं हर्ण्याच्या लिलावात उभं राहून मासळी उचलली होती. पहिला भाव ऐकून कुणी हो म्हणतं काय?

"पाच," त्या म्हणाल्या.

"आजी, वेळ नाही हो. अडीच."

"चार. आणि सरबत आधी पाजा, म्हणजे कुणाचं लक्ष तिकडे जायला नको."

"तीन!"

"साडेतीन, आणि वर एक पैसा मागत नाही."

दीपकने मान डोलावली. घाम पुसत तो जेवणाकडे गेला. तिथे 'खाण कामगार थाळी' मांडली होती, सुरमई आणि उकडीचे मोदक.

सानिका पाहुण्यांना तिथेच सोडून परत आली. कागद उलटा करून तिने कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"आजी, गोदूबाईचं आडनाव काय?"

"सासरचं गोरिवले. माहेरचं धाडवे." सगुणाबाई कातळावर टेकल्या. "दोन्ही लिही. वेळ आहे."