‘दिसणे’चा कर्ता

गोटी आईकडे बघत नव्हती. पंख्याकडे बघायची, पडद्याच्या काठाकडे बघायची, भिंतीवरच्या खिळ्याकडे तर अशी टक लावायची की खिळ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. पण आई पाळण्यावर वाकली की गोटीची नजर तिच्या डोक्यावर कुठेतरी जाऊन अडकायची. तिला जन्मून दोन महिने उलटून गेले होते. आईने बाजूने चमचा हलवून पाहिला, लाल मोजा नाचवून पाहिला. मोज्यामागे डोळे फिरले, पण आईच्या चेहऱ्यावर म्हणून ठरेनात.

मोबाइलवर वाचून वाचून तिने अर्धा डझन आजार घरात आणून ठेवले होते. नवऱ्याची बदली दुसऱ्या गावी, तो शनिवारी यायचा. फोनवर म्हणायचा, “अगं, काल आलीय ती जगात. जरा दम खाऊ दे की तिला!”

“काल नाही. दोन महिने झाले.”

“तू एकदा शोधायला बसलीस ना, की तुला खुर्चीतसुद्धा रोग सापडतो.”

फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं, की फ्रिज घरघरला तरी कुणी आल्यासारखं वाटे. डॉक्टरांची वेळ उद्याची मिळाली होती. आजचा दिवस तेवढा ढकलायचा होता.

शब्दकोशाच्या कचेरीचं काम ती घरून करायची. एकेक शब्द घ्यायचा, त्याचे अर्थ, मूळ, उदाहरणं लिहून पाठवायची. या वेळी वाट्याला ‘दिसणे’ आला होता. दुपारी संपादकबाईंचा फोन आला.

“मूळ छान लिहिलंस. संस्कृत ‘दृश्यते’, प्राकृतात ‘दीसइ’, तिथून आपलं ‘दिसणे’. चोख! पण उदाहरणं काय गं ही? ‘चष्मा कुठे दिसत नाही.’ ‘हल्ली तुम्ही दिसत नाही.’ ‘धुक्यात समोरचं दिसेना.’ ‘लक्षण बरं दिसत नाही.’ अख्ख्या नोंदीत कुणाला काही दिसतच नाही! हा शब्दकोश आहे की मोतीबिंदूचा वॉर्ड?”

तिला हसू फुटलं. इतक्या दिवसांनी फुटलं की आवाज आपलाच वाटेना.

“आणि एक चूक. ‘मला डोंगर दिसतो’, यात कर्ता ‘मी’ कसा लिहिलास?”

“बघणारी मीच ना, बाई.”

“बघणारी तू, पण दिसतो कोण? डोंगर. ‘दृश्यते’ म्हणजेच ‘पाहिला जातो’. बघायचं काम तुझं. दिसायचं काम डोंगराचं, ते त्यालाच करावं लागतं. तू नुसते डोळे फाडून बसलीस तर काय उपयोग? बरं, संध्याकाळपर्यंत एक तरी होकारार्थी वाक्य दे. ठेवते.”

गोटीचं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. ते तिथेच राहिलं.

ती पाळण्याशी गेली, नेहमीसारखी खिडकीकडे पाठ करून वाकली. तशी उभी राहिली की गोटीच्या तोंडावर उजेड पडायचा. डोळ्यांत कुठे डाग आहे का, बुबुळ कलतंय का, सगळं तपासता यायचं. गोटीने नेहमीसारखं तिच्या डोक्याकडे पाहिलं.

दिसायचं काम डोंगराचं. मग मी कशी दिसते?

किती दिवसांत तिने हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. समोर कपाटाचा आरसा होता. तिने मान वर केली. आरशात लख्ख खिडकी होती आणि खिडकीत एक काळा आकार. विस्कटलेल्या केसांच्या कडेला तेवढी उजेडाची रेघ. डोळे, नाक, तोंड काहीच नाही. ही बाई कोण, हे तिलाही सांगता आलं नसतं.

गोटी त्या रेघेकडे बघत होती. बघण्यासारखं तेवढंच तर होतं.

तिने पाळणा ओढून फिरवला आणि पलीकडे जाऊन खिडकीकडे तोंड करून बसली. ऊन सरळ डोळ्यांत आलं. आता तिलाच गोटीचा चेहरा नीट दिसेना. तपासणं बंद, नुसतं बसायचं. ते फार कठीण गेलं.

गोटीची नजर आधी केसांवर गेली. मग कपाळावरून हळूहळू खाली उतरली आणि डोळ्यांपाशी थांबली. कपाळाला आठी घालून, एखाद्या खडूस कारकुनासारखी, गोटी तिला बघत राहिली. आईने श्वाससुद्धा जपून घेतला. मग गोटी शिंकली.

तिने फोन लावला. “बाई, वाक्य मिळालं. ‘गोटीला आई दिसते.’”

“गोटीला? खेळायच्या? तिला काय दिसणार, कपाळ!”

“माझी मुलगी, बाई.”

“अगं, मग असं सांग की. पण घरचं नाव कोशात चालायचं नाही हं.”

“‘बाळाला’ करा.”

“केलं. आणि कर्ता?”

“आई,” ती म्हणाली.

फोन बंद झाला. फ्रिज घरघरला, कुणी आलं नाही. उद्याची डॉक्टरांची वेळ तिने रद्द केली नाही. फक्त ऊन सरकलं होतं, तेवढा पाळणा सरकवला आणि पुन्हा उजेडाकडे तोंड करून बसली.