तापाच्या गोळ्या

सुनेच्या पोटाची दुर्बिणीनं तपासणी झाली आणि ती त्याच संध्याकाळी घरी आली. मूल का राहत नाही ते आतून बघायचं होतं. बेंबीपाशी एक टाका, खाली दोन. नर्स म्हणाली होती, पोटात हवा भरतात, तिच्यामुळे एक-दोन दिवस खांदा दुखेल. ताप आला तर मात्र लगेच या. घरी सोडताना दिलेल्या कागदावरही तेच होतं. मी बोट ठेवून दोनदा वाचलं.

मुलानं घरी येतानाच बजावलं, "ही शेवटची. काही बिघडलं तर उपचार बंद. मला मूल नसलं तरी चालेल, बायको हवी."

तिनं मान डोलावली. एरवी ती असं निमूट ऐकून घेणारी नाही.

चौथ्या दिवशीही ती कूस बदलताना उशी पोटाशी दाबून धरायची. ताटातलं नुसतं चिवडायची.

"हवाच आहे, आई."

"अजून? सायकलची ट्यूबसुद्धा एवढ्यात बसते."

ती हसली आणि हसता हसता तिनं ओठ चावला.

ताप मात्र नव्हता. थर्मामीटर ती स्वतः मागायची, सकाळी नऊ, दुपारी तीन, रात्री नऊ. ज्या मुलीला चष्मा सापडत नाही तिला एवढं घड्याळ कुठून आलं? मी औषधांचा डबा उघडला. माझ्या गुडघ्यांसाठी आणलेल्या गोळ्या तापही उतरवतात. मी एकच खाल्ली होती. दहापैकी दोन उरल्या होत्या.

गोळ्यांची पट्टी उचलून पदराला बांधली आणि उसवलेली उशी शिवत तिच्या दाराशी बसले. ती दोनदा उठली, डबा उघडला, मिटला.

तीन वाजले.

"आज राहू द्या, आई."

"का गं? रोज तर मागतेस."

एकशे दोन.

"ह्यांना सांगू नका," ती म्हणाली.

मी गाडी बोलावली. पुन्हा ऑपरेशन झालं. दुर्बीण घालताना आतड्याला बारीक भोक पडलं होतं, आत पू झाला होता.

"कागदात फक्त ताप लिहिलाय तुमच्या," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं. त्यांनी कागद उलटला. मागे छापलं होतं, ताप नसला तरी पोटदुखी वाढली तर या. मागची बाजू मी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बोलली. "डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"सगळं."

"आणि ह्यांना?"

"ताप आला, एवढंच. बाकीचं तू सांगशील."

तिनं हात पुढे केला. "ती पट्टी द्या. टाकून देते."

"तू त्याला सांग," मी म्हटलं. "मग देते."