डोहाचा ताप

मी एक थर्मामीटर बोलतोय. काखेत धरायचा नव्हे, नदीत बुडवायचा. पितळेच्या नळीत काचेची कांडी, कांडीत लाल रेघ आणि वरच्या कडीला बांधलेली दोरी, एवढाच माझा संसार. ती लाल रेघ म्हणजे माझी जीभ. ढग आला की ती खाली जाते, ऊन पडलं की वर चढते. एका जागी ठरणं तिला ठाऊक नाही, म्हणून मलाही नाही.

कारखान्यात मला आधी बर्फात बुचकळलं, मग ऊन पाण्यात, आणि पुन्हा बर्फात. जीव नुसता मेटाकुटीला आला. पण त्या बुचकळण्यातूनच अंगावर अंशांच्या खुणा उमटल्या आणि खरं बोलायची सवय लागली ती कायमची.

अमेरिकेत, व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका दुकानातून अर्डिस पेल्कीने मला विकत घेतलं, नवऱ्याच्या वाढदिवसासाठी. नवरा वेंडेल रस्त्याच्या कामावर गाडी चालवायचा आणि उरलेला जन्म ट्राउट माशांमागे घालवायचा. भेट देऊन बाई पस्तावल्या. "एकेचाळीस वर्षांत माझा ताप कधी बघितला नाहीस," त्या त्याला ऐकवायच्या, "त्या नदीचा मात्र रोज बघतोस."

"नदी कुरकुरत नाही," वेंडेल म्हणायचा आणि मला खिशात टाकून निघायचा.

आमचा डोह म्हणजे पडक्या गिरणीच्या दगडी भिंतीखालचं काळंशार पाणी. त्याला नकाशावर नाव नाही आणि वेंडेलने कुणाला कळू दिलंही नाही. गाडी मुद्दाम मैलभर अलीकडे, चर्चच्या आवारात लावायची, आणि तिथून गवतातून चालत यायचं. वाटेत कुणी भेटलं तर म्हणायचं, "काही नाही हो, ब्लॅकबेरी बघायला आलोय." एवढा खरा माणूस, पण डोहापायी बिनदिक्कत थापा मारायचा.

मात्र नियम एकच, आणि तो मोडायचा नाही. आधी मला पाण्यात सोडायचं. माझी रेघ अडुसष्टच्या वर गेली (तुमच्या हिशेबात वीस अंश), तर गळ न टाकता घरी जायचं. इथले हौशी गळवाले मासा पकडतात तो सोडून देण्यासाठी. गळाच्या टोकाला रुतून बसणारा उलटा काटा ठेवत नाहीत, हात ओला केल्याशिवाय माशाला शिवत नाहीत. पण पाणी कोमट असलं की ट्राउटचा जीव आधीच कासावीस असतो. गळाशी झुंजून तो पार थकतो. सोडला की ऐटीत निघून जातो, सोडणारा खुशीत घरी जातो, आणि संध्याकाळी तो मासा कुठेतरी उलटा होऊन तरंगतो. ते बघायला कुणी थांबत नाही.

दर ऑगस्टमध्ये वेंडेलचा धाकटा भाऊ लायल ओहायोहून यायचा. अकरा तास गाडी हाकून, चार दिवसांसाठी. भिंतीच्या सावलीत राहणाऱ्या एका थोराड ट्राउटचं नाव त्याने पोस्टमास्तर ठेवलं होतं, कारण तो रोज ठरल्या वेळी वर यायचा आणि लायलने गळावर बांधलेली पिसांची खोटी माशी हुंगून, पत्ता चुकलाय असं दाखवून परत जायचा. सहा वर्षं हेच चाललं होतं. एकदा तरी त्याला हातात धरायचं, एवढंच लायलचं मागणं होतं.

तो शेवटचा ऑगस्ट आला तेव्हा लायलचा पट्टा चार भोकं आत गेला होता. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्याचं नाव काढलं नव्हतं. आणि पावसाचा तीन आठवडे पत्ता नव्हता.

सकाळी वेंडेलने मला डोहात सोडलं. माझी रेघ चढायला लागली. पासष्ट, अडुसष्ट, सत्तर. थांब, थांब, असं मी स्वतःला म्हणत होतो, पण माझ्या हातात काय आहे? ती बहात्तरावर जाऊन टेकली. वेंडेलने मला वर काढलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काय म्हणतोय?" लायलने विचारलं.

"सदुसष्ट."

"दाखव बघू."

"चष्मा घरी विसरलायस, दिसणार काय तुला, डोंबल?" असं म्हणून त्याने मला छातीवरच्या खिशात कोंबलं; डोकं तेवढं बाहेर राहिलं.

त्या खिशात माझी काय तगमग झाली म्हणून सांगू. पितळ चटचट तापत होतं. वेंडेलच्या छातीचे ठोके माझ्या काचेवर आदळत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडी खोटं घातलं होतं, आणि मला त्याचा रागही धड येईना.

लायल वाकला आणि त्याने मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "जरा थांब हं, दोरा गुंतलाय." त्याने पाठ फिरवली. पकडीचा 'कट्' असा आवाज मी ऐकला. दोरा कापला असेल, असं मला वाटलं.

मग माशी पाण्यावर पडली आणि पोस्टमास्तर वर आला. या वेळी हुंगणं नाही की काही नाही, सरळ गिळलीच. दोरा ताणला गेला आणि लगेच सैल पडला.

"अरे, काय हे!" वेंडेल ओरडला. "झोपलायस का?"

दुसऱ्या वेळीही तेच, तिसऱ्या वेळीही तेच. मासा आला, माशी घेतली, थुंकली आणि गेला.

"हात म्हातारे झाले तुझे," वेंडेल चिडून म्हणाला. पण लायल हसत होता. डोळे पुसत हसत होता. "तीनदा आला रे," तो म्हणाला. "माझ्यासाठी तीनदा आला. चल आता, अर्डिसचे पॅनकेक गार होतील."

नोव्हेंबरमध्ये लायल गेला. त्याच्या मुलीने माश्यांची डबी पाठवली. वेंडेलने ती स्वयंपाकघरात टेबलावर उघडली, माझ्या शेजारीच. लायलची आवडती तपकिरी माशी त्याने बोटात धरून उलटी केली. खाली गळाचा वाक नव्हता. नुसती सरळ दांडी होती.

"तुटली वाटतं," अर्डिस म्हणाल्या.

"तुटली नाही. कापलीय."

बाईंनी ती माशी हातात घेऊन निरखली. "वेंडेल, त्या दिवशी पाण्याचा ताप किती होता?"

त्याने मला उचललं, अंगठ्याने पुसलं आणि परत ठेवलं. "बहात्तर," तो म्हणाला, आणि टेबलावर डोकं टेकून रडला. त्या उठल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आता माझंही वय झालंय. अंगावरचे आकडे पुसट झालेत, पितळ हिरवट पडलंय. एक दिवस दगडावर आपटेन आणि खेळ खलास. माझं मागणं एकच: मला पाण्यात सोडाल तर माझा आकडा नीट वाचा, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तोच सांगा. खरा आकडा माणसांना पेलतो. मी पाहिलंय.

परवाच वेंडेलने मला डोहात सोडलं होतं. भिंतीखाली पोस्टमास्तरची सावली हलली. माझी रेघ आपली चढतच होती. वेंडेलने मला वर काढलं, चष्मा लावला आणि बाजूच्या रिकाम्या दगडाकडे तोंड करून मोठ्याने वाचलं.

"सत्तर आहे रे, लायल."

मग त्याने गळाची काठी काखेत मारली आणि आम्ही घरी आलो.