दाराबाहेर काढलेला चेहरा

चेन्नईत एग्मोरच्या कल्याणमंडपात, म्हणजे मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी चारशे माणसे स्वतःचा स्वभाव जाणून घेण्यासाठी रांगेत उभी होती. चपला बाहेर ठेवायच्या, स्वयंसेवकाकडून पितळी बिल्ला घ्यायचा आणि तो प्रथमदृष्टी स्वामींच्या ताटात टाकायचा, एवढाच विधी. स्वामी माणसाकडे एकदाच पाहत. "दुसरी नजर संशयाची," असे ते म्हणत. त्यामुळे संशयाला तेथे जागा उरत नसे.

मला देविकाशी लग्न करायचे होते. तिचे वडील बालाजीराव तंजावरकडचे मराठी. मी त्यांच्या मुलीला योग्य आहे की नाही, हे ते मला विचारणार नव्हते. स्वामींना विचारणार होते. मी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात काम करतो. माझ्याजवळ पोलादी टोकाचे जड बूट तेवढे होते, म्हणून खोलीतल्या सिद्धार्थचे चकचकीत बूट मागून घातले. तो दिवसभर दवाखान्यांचे जिने चढून औषधे खपवतो.

स्वामींनी बिल्ला उचलला, मग माझ्याकडे पाहिले.

"जिभेवर मध. दगडालाही माल विकशील."

चेन्नईतल्या तीन वर्षांत तमिळ माझ्या कानांना कळू लागली होती; अक्षरे मात्र अजून परकीच होती. मला मराठीतही दोन वाक्ये सलग बोलता येत नाहीत. तरी मंडप थक्क झाला.

"पाहिलंस, अक्का?" परतताना बालाजीराव बहिणीला म्हणाले. "एवढा बोलका, आणि आमच्यासमोर तोंड शिवून बसतो! कायतरी लपवतोय. हे लग्न नक्को."

माझे मौन कुणीतरी अंगावरून उतरवून, दुसऱ्याच्या मापाचे करून मला परत घातले होते. त्यावर काय बोलावे हेही सुचले नाही, आणि तोही पुरावाच ठरला.

त्या बहिणीने, देविकाच्या हेमलता आत्यांनी, तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले होते. त्यांनी मला बोलावून घेतले.

"विश्वेश, स्वामींनी सांगितला तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे?"

"आहे. सिद्धार्थ."

"आणि त्याचं काय होतं तुमच्या अंगावर?"

"बूट," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी त्यांनी भावाला गाठले. "बालाजी, आज चपलांची अदलाबदल करा. तू यांचे पोलादी टोकाचे बूट घाल."

"घालतो की! स्वामी चेहरा पाहतात, अक्का. पाय नव्हे."

बालाजीरावांच्या चपला मधुमेहाचे रोगी वापरतात तशा, मऊ रबराच्या होत्या. त्या मी दारात काढल्या आणि बिल्ला आत नेला. स्वामींनी तो पाहिला, मग मला पाहिले.

"रक्तात साखर. दहा-बारा वर्षं झाली. गोड सोड, पायांना जप."

बारा वर्षांपूर्वी मी दहावीत होतो. मंडप पुन्हा थक्क झाला.

"साखर माझी आहे," माझ्यामागून बालाजीराव मोठ्याने म्हणाले.

आत्यांनी ताटातला बिल्ला उलटा केला. "मागे अक्षर आहे. 'स', म्हणजे सर्करै. साखर. हा दुसरा: 'वि', विर्पनै. विक्री. हा बालाजीच्या हातातला 'इ', इरुंबु. लोखंड. बिल्ला देणारा पायांतलं पाहून अक्षर निवडतो, आणि आपलं भविष्य आपणच हातात धरून आत आणतो. चेहरा इथं कुणीच वाचत नाही."

"अम्मा, बिल्ला खाली ठेवा," एक स्वयंसेवक कुजबुजला. स्वामींनी डोळे मिटले. काही माणसे चपलांकडे वळली, बरीचशी मात्र आत्यांभोवती जमून विचारू लागली, "अम्मा, माझं अक्षर कुठलं?"

दारात उभे राहून असे बिल्ले आपण सारेच वाटतो. बालाजीरावांच्या कपाळावरचे ठळक गंध पाहून मीही त्यांना पहिल्याच दिवशी मनात एक अक्षर दिले होते, कर्मठ माणसाचे. चारशे माणसांत "साखर माझी आहे" म्हणणारा माणूस त्या अक्षरात मावत नव्हता. पहिला ग्रह टळत नाही, पण तो तपासून पाहणे आपल्या हाती असते, आणि त्यासाठी स्वामी लागत नाही. समोरच्याला विचारावे. उत्तराला वेळ द्यावा.

बाहेर येताना बालाजीरावांनी गोंधळात पुन्हा माझेच बूट चढवले होते. पायरीवर बसून त्यांनी एक बूट उतरवला आणि वर पाहिले.

"विश्वेश, तुमी आमच्या देविकाला का मागता?"

त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मला उत्तराला फार वेळ लागला. दुसरा बूट पायात तसाच ठेवून ते थांबून राहिले.