सवड कुणाची

साइटवर तिला सगळे तारीखबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की तारीखबाई. माणूस समोर आला की ती आधी तारीख विचारायची आणि मग खुशाली. फरशीवाल्याला मुलगी झाली तेव्हा तिने त्याचं तोंडभरून अभिनंदन केलं आणि त्याच दमात जिन्याची फरशी कधी संपणार ते विचारलं. तो बिचारा हसावं की चिडावं, या विचारात तसाच उभा राहिला.

नव्या वाचनालयाची इमारत उभी राहत होती आणि तिचं वेळापत्रक हिच्या हाती होतं. पत्र्याच्या केबिनची अख्खी भिंत हिच्या तक्त्याने अडवली होती. प्रत्येक कामाचा एक चौकोन, एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारे बाण, आणि त्यातली एक साखळी लाल: वायरिंग, लिफ्ट, तपासणी, उद्घाटन. त्या साखळीतलं एक काम लांबलं की उद्घाटन लांबलंच म्हणून समजा. ती याला क्रिटिकल पाथ म्हणायची, बाकीचे लाल रेघ म्हणायचे. रेघेबाहेरच्या कामांना मात्र थोडं मागेपुढे सरकायला जागा असायची. त्या जागेचं इंग्रजी नाव कुणाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तिने आपल्या घरातला शब्द दिला. सवड.

घरातला म्हणजे बाबांचा. बाबांनी जन्मभर फळबाजारात लिलाव पुकारले. त्यांनी एकदा हाळी दिली की बाजाराच्या पार टोकाचं गिऱ्हाईक दचकून वळायचं. आता त्या घशात गाठ निघाली होती आणि स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती. बाबा रोज फोन करायचे, खरखरत्या आवाजात लिफ्ट बसली का विचारायचे आणि शेवटी म्हणायचे, "सवडीने ये गं. मी कुठे पळून चाललोय?"

आणि ही शहाणी खरोखरच सवडीने जाणार होती! लिफ्टची तपासणी उरकली की रजा घ्यायची, बाबांच्या उशाशी बसायचं आणि एक प्रश्न विचारायचा. बाबांबरोबरची बाजारातली गादी सोडून ती या सिमेंटच्या धुळीत आली तेव्हा बाबा काही महिने तिच्याशी बोलले नव्हते. नंतर बोलायला लागले, पण त्या विषयावर हूं की चूं नाही. मी केलं ते बरं केलं का बाबा, एवढंच तिला विचारायचं होतं, आणि उत्तर त्यांच्या आवाजात ऐकायचं होतं. कागदावर लिहून दिलेलं उत्तर तिला नको होतं.

त्या दिवशी सकाळी रंगारी तणतणत केबिनमध्ये आला. लिफ्टवाले ठरल्याआधीच येणार होते, त्यामुळे तिने त्याच्या लॉबीच्या रंगाची तारीख अलीकडे ओढली होती.

"मॅडम, काल तर म्हणालात, काका, तुम्हाला भरपूर सवड आहे. रात्रीत कुठे गेली ती?"

"काका, ती तुमची नव्हतीच. पुढचं काम लांब होतं म्हणून मधे जागा होती. पुढचं अलीकडे आलं, सवड संपली."

"म्हणजे मी आपला निवांत, आणि माझ्या बुडाखालची खुर्ची तुम्ही काढून नेली."

ती हसली. तेवढ्यात फोन वाजला. दादाचा होता.

"ऐक, घाबरू नकोस. आज ज्याचं ऑपरेशन होतं तो माणूस तापाने फणफणलाय. डॉक्टर म्हणतात, बाबांची गाठ वाढतेय, जागा मिळालीय तर थांबायला नको. तपासणीसाठी ते दाखल होतेच, सकाळपासून पोटात काही नाही. दुपारी आत घेतायत."

"आज? अरे, पण तारीख तर पुढच्या..."

"अलीकडे आली."

तिने फोन ठेवला. रंगारी अजून तिथेच उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. तिला त्याच्याकडे बघवेना.

ती निघते म्हटल्यावर साइटच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "लिफ्टवाले दारात येतायत आणि तुम्ही निघालात? तुमच्याशिवाय कसं व्हायचं?"

तिने सवयीने भिंतीकडे पाहिलं. लाल रेघेवर वायरमनचा चौकोन होता, लिफ्टवाल्यांचा होता, आता रंगाऱ्याचाही होता. तिच्या नावाचा एकही नव्हता. इतके महिने ती रेघ आपल्याच अंगावरून जाते अशा तोऱ्यात ती वावरत होती. तिला स्वतःचीच चीड आली.

"जा तुम्ही," रंगारी म्हणाला. "लॉबी होईल. सवड नाही, पण होईल."

बसमध्ये तिचा पाय एका जागी ठरेना. कंडक्टरने दोनदा विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?" तिचं डोकं आपोआप बाण काढत होतं. बस, मग टॅक्सी, मग दवाखान्याचं फाटक, मग जिना. यातल्या एकालाही सवड नव्हती. ड्रायव्हर पेट्रोल पंपावर कुणाशी तरी गप्पा मारत उभा राहिला तेव्हा तिने खिडकीतून असा आवाज दिला की तो पळतच चढला. तो आवाज बाबांचा होता, हे तिला नंतर जाणवलं आणि डोळे भरून आले.

दवाखान्याची लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. ती जिने चढून धापा टाकत पोचली, तेव्हा बाबा हिरव्या कपड्यात ढकलगाडीवर आडवे होते. शेजारी दादा आणि घड्याळाकडे बघणारी नर्स.

"आलीस," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "लिफ्ट बसली का?"

"बाबा, लिफ्ट मरू दे."

"असं कसं? लाल रेघेवर आहे ना ती?" ते नर्सकडे वळले. "हिच्या तारखेशिवाय तिथे पान हलत नाही, माहितेय?"

तिला प्रश्न विचारायचा होता.

"बाबा, मी तेव्हा बाजार सोडला, ते..."

"चला आजोबा," नर्सने गाडीचा दांडा धरला. चाकं फिरली. ती गाडीबरोबर चालू लागली, बाबांचा हात हातात घट्ट धरून.

"तुम्ही कधी बोलला नाहीत. एकदा सांगा ना."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि आयुष्यभराच्या सवयीने म्हणून गेले, "अगं, सवडीने बोलू."

मग आपण काय बोलून बसलो ते बाबांना कळलं आणि त्यांना हसू फुटलं. खरखरतं, तुटक, पण चांगलं मोठं. दादाने तोंड फिरवलं. तिलाही हसू आलं, रडत रडत, आणि दार येईपर्यंत दोघं हसतच राहिली.

दाराशी नर्सने तिचा हात सोडवला. गाडी आत गेली, दार लागलं, तरी ते हसणं थोडा वेळ आतून ऐकू येत होतं. ते थांबेपर्यंत ती दाराला कान लावून उभी राहिली.