काशीदादांची फ्रेंच गाणी

माइकवर मारलेली एक लांब, संथ फुंकर. किन्हवलीतल्या त्या वर्षांची आठवण निघाली की आधी ती फुंकर ऐकू येते आणि मग बाकीचं गाव दिसायला लागतं. कापणी झालेल्या भातखाचरांवर मार्गशीर्षाचं धुकं रेंगाळत असायचं, उन्हं अजून बांधापलीकडेच घुटमळत असायची, आणि अंगणातल्या आंब्याला बांधलेल्या भोंग्यातून ती फुंकर साऱ्या शिवारावर पसरायची. मागोमाग घसा साफ केल्याचा एक खाकरा, आणि पुढे काहीच नाही. इतर साऊंडवाल्यांसारखं 'हॅलो, हॅलो' काशीदादा कधी म्हणाले नाहीत. "हॅलो म्हनून बोलवायचा कोनाला? गाव तर हितंच हाय," असं त्यांचं म्हणणं.

मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते आणि दादांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होते. वर्षं दोन हजार सालानंतरची. दादांची बायको जाऊन बराच काळ लोटला होता, एकुलती मुलगी सुजाता शिकायला पुण्याला गेली ती तिकडेच नोकरीला लागली होती, आणि घरात उरले होते दादा, त्यांचे भोंगे आणि वायरींची वेटोळी. उंच, काटक, किंचित पुढे झुकलेला तो माणूस वायर गुंडाळायला लागला की पाहत राहावं. कोपर आणि अंगठा यांच्यामधून वायर अशी अलगद फिरायची, की वाटावं, वायर नव्हेच, झोपेला आलेलं एखादं मूल ते थोपटताहेत. हळदी, लग्नं, जयंतीची मिरवणूक, देवळातला सप्ताह, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे आवाज दादांचाच. पंचक्रोशीतला अर्धा गोंगाट त्यांच्या नावावर जमा होता, आणि स्वतः मात्र ते इतकं हळू बोलायचे, की मला कधीकधी पुन्हा विचारावं लागायचं.

नवीन गाणं पारखण्याची त्यांची एक रीत होती. कॅसेट असो की सीडी, ते आधी पूर्ण भोंग्यावर लावायचे, मग बांधाबांधाने चालत पार लांबच्या शेतात जाऊन उभे राहायचे आणि काम करणाऱ्या माणसांच्या हातांकडे बघत बसायचे. ज्या गाण्यावर विळा थबकत नाही आणि सूप अडखळत नाही, ते गाणं पास. त्यानंतर दिवसभर, गिरणीत, एसटी स्टँडवर, पाणवठ्यावर, भेटेल त्याला एकच प्रश्न, "कसा वाटला?" गावाने पसंत केल्याशिवाय दादांनी कुठलंही गाणं मंडपात नेलं नाही. गावालाही या परीक्षकपणाची चटक लागली होती आणि ज्याला सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही, तोसुद्धा आपलं मत पानाला चुना लावता लावता ऐटीत देऊन टाकायचा.

सुजाता फ्रेंच शिकली होती. पुण्याच्या कंपनीने तिला प्रशिक्षणासाठी थेट फ्रान्सला पाठवलं, तेव्हा दादांनी गावभर पेढे वाटले होते. तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तिने एक सीडी धाडली. वेष्टणावर पायरीवर पाठमोरी बसलेली एक बाई, निळा स्वेटर, उन्हाचा एक तिरका पट्टा. आत दहाबारा गाणी, सगळी फ्रेंच, एक गिटार, क्वचित बाजाच्या पेटीसारखं काहीतरी, आणि एक बायकी आवाज, जो आपल्याला कुणी ऐकतंय याची फारशी फिकीर न करता गात होता. दादांनी रीतीप्रमाणे सीडी सकाळी सकाळी पूर्ण भोंग्यावर लावली.

आणि गाव धावत आलं. कुणी मोठा पुढारी गेला की रेडिओवरची ढोलकी गप्प होते आणि दिवसभर नुसते मंद, एकाकी सूर वाजत राहतात, हे आमच्याकडच्या माणसांच्या चांगलं अंगवळणी पडलेलं. काशीदादांच्या भोंग्यावर सक्काळी ढोलकीविना, घाईविना गाणं वाजतंय म्हणजे नक्की काहीतरी घडलं! शेजारची हिराबाई हातातल्या विळ्यासकट आली, भजनीबुवा अर्धी दाढी करून आले, किराणावाले शेठ दुकान उघडं टाकून आले. "कोन गेला रे काशी? कोन गेला?" दादा अंगणात अगदी ओशाळे होऊन उभे. "कोन नाय गेला. माज्या सुजाताची गानी हायत." त्यावर जो हशा उसळला, तो आठवला की मला आजही एकटीला हसू फुटतं.

पण आलेच आहोत तर बसू, असं म्हणून माणसं बसली. चहा झाला. दादांनी भोंगा बंद करून घरातल्या साध्या स्पीकरवर सीडी लावली, आणि कळत नसलेल्या भाषेतली ती गाणी ओटीवर, अंगणात, पेंढ्याच्या उडवीवर टेकलेल्या माणसांनी शेवटपर्यंत ऐकली. शेठ म्हणाले, "ढोलकी तिकडंच राहिली काय? अर्धाच माल पाठवला पोरीनं." भजनीबुवा दाढीचा साबण पुसत म्हणाले, "सुराला घाई नाय तिच्या. श्वास कुठं घ्यावा, म्हाईत हाय बाईला." तारेवरून बोट सरकताना बारीक चीं आवाज होतो ना, तो ऐकून हिराबाईने विचारलं, "गो बाय, मधी मधी उंदीर कोन वाजवतो?" आणि सगळे हसले तरी ती मात्र हसली नाही. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "रुसलेली नाय ही. पन कोनी मनवायला यावा, असा पन वाटत नाय तिला."

पुढे कितीतरी दिवस दादा त्या गाण्यांबद्दल विचारत राहिले. गावात रात्रीच्या मुक्कामाला येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला त्यांनी ओटीवर बसवून सीडी ऐकवली. तो डोकं खाजवत म्हणाला, "शेवटच्या फेरीला गाडी रिकामी होते ना दादा, तसा वाटतो. कंडक्टर पन बोलत नाय, आपन पन नाय." दादांनी ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. मग त्यांची चौकशी फारच बारीक होऊ लागली. तिसऱ्या गाण्यात ती थांबते, तिथे काय वाटतं? शेवटच्यात आवाज बारीक होतो की लांब जातो? ज्यांना विचारलं होतं त्यांनाच ते पुन्हा विचारायचे. मला वाटायचं, लेकीचं कौतुक, दुसरं काय! माणसं कंटाळत कशी नाहीत याचं मात्र मला नवल वाटे.

चैत्रातली एक दुपार. उन्हाने अंगण पांढरंफटक झालेलं, आंब्याखाली सावलीचं एवढंसं वर्तुळ. मी शाळेतून आले तेव्हा दादा ओटीवर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. शेजारी सीडी प्लेअर, आणि गुडघ्यावर बोटांनी धरलेला संथ, नेमका ठेका. चेहऱ्यावर अशी तृप्ती, की माझी पावलं आपोआप हलकी झाली. मग लक्षात आलं, की डोक्यावरचा पंखा फिरत नाहीये. लोडशेडिंगची वेळ. प्लेअरचा लाल दिवा विझलेला होता, घरात कसलाही आवाज नव्हता, आणि दादांची बोटं त्या निःशब्दात ठेका धरून चालली होती.

त्यांनी डोळे उघडले, आधी मला पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं. बोटं थांबली. "बाई," ते म्हणाले, "सुजाताला नका सांगू."

उभा जन्म भोंग्यांच्या तोंडाशी उभं राहून काढल्यावर कानांनी हळूहळू साथ सोडली होती. ढोल कळायचे, मोठ्याने बोललेलं कळायचं, पण बारीक, कोवळं ते सगळं गेलं होतं, आणि लेकीने पाठवलेल्या गाण्यांत तर बारीक आणि कोवळ्याखेरीज काहीच नव्हतं. आई गेली तेव्हा सुजाता शिक्षण टाकून घरी येऊन बसली होती, तिला परत धाडायला दादांना देव पाण्यात घालावे लागले होते. आता कानांचं कळलं तर ती फ्रान्समधलं सगळं अर्ध्यावर सोडून पहिल्या विमानाने येईल, याची त्यांना धास्ती होती. आणि ती दर रविवारी फोनवर विचारायची, बाबा, गाणी ऐकलीस का, कशी वाटली? "मला आयकू येत नाय, पन गावाला येतो ना," दादा म्हणाले. "गाव सांगतो, ते मी तिला सांगतो." मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खाली बसले. मला भरून आलं होतं, आणि ते लपवायला मी उगाच पदराने वारा घेत राहिले.

त्या संध्याकाळी राहवेना, म्हणून हिराबाईच्या अंगणात जाऊन आडूनआडून विषय काढला. तांदूळ पाखडता पाखडता तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पहिलीतलं पोर मीच. "आमाला म्हाईत हाय गो बाई. सगल्या गावाला म्हाईत हाय. तो इचारतो, आमी सांगतो. त्याला कशाला कलू द्यायचा?" सूप पुन्हा हलायला लागलं. म्हणजे दादा गावापासून लपवत होते आणि गाव दादांपासून! तीच गाणी पुन्हापुन्हा ऐकून, दर वेळी थोडं आणखी नीट, थोडं आणखी निगुतीने, ही माणसं त्यांना सांगत होती. हळदीच्या सुपाऱ्याही पूर्वीसारख्याच येत होत्या. आवाज फार झाला की पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी बोलायची काहीच नाहीत, दादांना दिसेल अशा बेताने नुसते कानांवर हात ठेवायची, आणि दादा बटण मागे फिरवायचे.

मग मीही त्यात सामील झाले. संध्याकाळी दिवे यायचे, सीडी लागायची, आणि मी दादांच्या डाव्या कानाशी, तो त्यातल्या त्यात बरा, काय ऐकू येतंय ते सांगायची. यापूर्वी मी गाणी ऐकत होते ती भाजी निवडताना, वह्या तपासताना, अशी वाऱ्यावर. आता एका माणसासाठी ऐकायचं होतं. गिटारच्या दोन सुरांमधली पोकळी केवढी, गाणारीचा आवाज ओळीच्या शेवटी विरतो की विसावतो, हे शब्दांत पकडताना मला घाम फुटायचा. दादा सगळं मन लावून घ्यायचे आणि रविवारी रिसीव्हर कानाला लावून तिकडे पोचवायचे. परदेशच्या फोनवर ओरडूनच बोलायचं ही आमच्याकडे रीतच, सुजाताही ओरडायची, आणि ते दादांच्या पथ्यावर पडायचं. "रिकामी एसटी डेपोत जाते, तशी गाते ती!" दादा ओरडून सांगायचे, आणि पलीकडचं हसू मला माझ्या खोलीत ऐकू यायचं.

प्रशिक्षण पुरं करून सुजाता आली ती झोडणीच्या दिवसांत. हवेत भाताचा कोंडा तरंगत होता आणि कलत्या उन्हात तो सोन्याच्या भुकटीसारखा दिसत होता. दादा अंगणात पाठमोरे बसून वायर सोडवत होते. तिने मागून हाक मारली. ते वळले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली, मग हातातली बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली. ती वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि दादांच्या चेहऱ्यावर जी दिवाळी फुटली, ती बघताना तिला रडायची सवडच मिळाली नाही.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी तिने ती सीडी लावली. मी खुणेने दाखवलं तशी वडिलांच्या डाव्या अंगाला बसली, त्यांच्या कानाशी वाकली, आणि गाणं पुढे सरकेल तसतशी एकेक ओळ घरच्या बोलीत सांगू लागली. "ती म्हनते, मी तुज्याकडं काय मागत नाय. जाता येता तुज्या खिडकीत दिवा दिसला, म्हंजी झाला." दादांची नजर जमिनीवर, कपाळावर एक बारीक आठी. गाण्यामागून गाणं असं चाललं. संपलं तेव्हा दादांनी मान वर केली. साऱ्या गावाचं मत गोळा करणाऱ्या त्या माणसाने इतक्या काळात स्वतःचं मत एकदाही दिलं नव्हतं.

"म्हंजी गावानं मला खरा सांगितला होता," ते म्हणाले. "एक शबूद इकडंतिकडं नाय केला."

तेव्हा मात्र सुजाताचा बांध फुटला. "मला का नाय सांगितलास, बाबा?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगितला असता, तर तू आली असतीस."

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी बदली मुरबाडला झाली, तिथून धसईला, पुढे मी निवृत्तही झाले. त्या अंगणाने मला जे दिलं, त्याची परतफेड करायची म्हटलं तरी कुणाला करणार? आताही कुठे एखादा हळुवार सूर कानी पडला, की तो माझ्यापाशी थांबत नाही, मन लगेच त्याच्यासाठी शब्द शोधायला निघतं. ज्यांना ते शब्द सांगायचे, ते दादा नसले तरी शोध थांबत नाही, आणि काळाने माणूस नेला तरी त्याच्यासाठी ऐकण्याची सवय माझ्यापाशी राहू दिली, याचेच मी उपकार मानते.